पहिल्या सेमिस्टरला सी प्रोग्रॅमिंग आहे? मग एवढी तयारी ठेवा

पेन, ओळखपत्र, पेनड्राइव्ह हे सांगायला नको. लॅपटॉप नसेल तर अडून बसू नका, सुरुवातीचे प्रोग्रॅम वीस-तीस ओळींचे असतात आणि लॅब आहेच.

एक कोरी वही मात्र फक्त ड्राय रनसाठी ठेवा. मी ती ठेवली नव्हती. स्क्रीनवर सगळे प्रोग्रॅम चालत होते, पण पेपरात आउटपुट लिहायला आलं तेव्हा हात थांबला आणि केटी लागली, म्हणजे विषय राहिला. ड्राय रन म्हणजे प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना आखायचा आणि लूपच्या प्रत्येक फेरीला नवी किंमत लिहायची. ४७२ उलटा करायचाय? दर फेरीला १० ने भागायचं. बाकी २, उलट संख्या २, उरले ४७. मग बाकी ७, उलट संख्या २७, उरले ४. मग बाकी ४, उलट संख्या २७४, उरलं शून्य, लूप संपला. हे पेनाने लिहायचं. डोक्यात केलं तर ते धरू नका.

लॅबमध्ये कंपायलर (तुमचा कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) कोणता आहे ते पहिल्याच दिवशी विचारा. टर्बो सी हा जुना कंपायलर असेल तर इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, दोन बाइटचा, ३२,७६७ च्या पुढे जात नाही. ८ चं फॅक्टोरियल ४०,३२०, म्हणून तिथे उणे उत्तर दिसतं. घरी जीसीसी या दुसऱ्या कंपायलरवर तोच प्रोग्रॅम १२ पर्यंत बरोबर येतो, १३ ला फसतो. लॉजिक चुकलंय असं समजून रात्र घालवू नका. क्लिअर स्क्रीनची ओळही जीसीसीवर चालत नाही, घरी काढून टाका.

एररची रांग आली की सगळ्यात वरची आधी सुधारा, खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात. इनपुट घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं अँपरसँड (&) विसरू नका. तुलनेला बरोबरची दोन चिन्हं (==). ५ भागिले २ म्हणजे इंटमध्ये २, अडीच नाही. दहा घरांच्या अ‍ॅरेचं शेवटचं घर ९ नंबरचं, मोजणी शून्यापासून असते. १० नंबरच्या घरात लिहिलं तर सी बहुधा अडवत नाही, भलतीच किंमत बिघडते. यातलं कंपायलर सगळंच पकडत नाही, ड्राय रनमध्ये बरंचसं पकडलं जातं. म्हणून वही. मित्राचा कोड घेतलात तरी त्याचाही ड्राय रन करा, नाहीतर घेऊ नका.

पॉइंटर (दुसऱ्या व्हेरिएबलचा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल) येण्याआधी फंक्शन पक्की करा. पॉइंटरला चित्रं काढा, त्याच वहीत.

प्रॅक्टिकलला प्रश्नाची स्लिप मिळाली की आधी कागदावर लिहा, ड्राय रन करा, मग टाइप करा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) तुमच्याच प्रोग्रॅमवर बोट ठेवून लूप किती वेळा फिरेल ते विचारतात. जर्नलच्या सह्या दर आठवड्याला घ्या, शेवटी रांग लागते. हॉल तिकीट, दोन पेनं, पट्टी.