आधी विचारा, किती मशिनं उघडायला मिळतील

हॉस्पिटलची मशिनं दुरुस्त करायच्या कामात येऊ पाहणारी, डिप्लोमा झालेली मुलं-मुली मला फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, सुरुवातीला किती देतात?" मी 2008 साली मिरजेत अशी मशिनं विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका डीलरकडं लागले तेव्हा 5,500 रुपये मिळायचे. आज माझ्याकडं नवीन येणाऱ्याला 15,000 देते, पेट्रोल वेगळं. रक्कम थोडी आहे, हे मला मान्य आहे. पण पुढचा पगार ठरतो तो पहिल्या दोन वर्षांत हात किती मशिनांवर बसला त्यावर.

मोठ्या हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात सिरिंज पंपापासून व्हेंटिलेटरपर्यंत सगळं बघायला मिळतं, पण बऱ्याच ठिकाणी तुमचं काम कंपनीला कॉल लावण्यापुरतं उरतं. डीलरकडं दोन-तीनच ब्रँड असतात, पण स्क्रू तुम्हीच काढता. मी आजही डीलरच निवडीन. तिसरी वाट सरकारी दवाखान्यांची. केंद्राचा 2015 पासूनचा देखभाल कार्यक्रम जिल्हा रुग्णालयात 95 टक्के, ग्रामीण रुग्णालयात 90 आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात 80 टक्के वेळ उपकरणं चालू राहावीत असं धरतो, म्हणून तालुक्याच्या गावीही फिरती माणसं लागतात.

तुमचा पगार कुठून येतो, तेही समजून घ्या. एएमसी म्हणजे वर्षाचा देखभाल करार, त्यात फक्त देखभाल आणि मजुरी येते, सुट्या भागांचे पैसे वेगळे. सीएमसी म्हणजे सगळं धरून केलेला करार, त्यात सुटे भागही आले. समजा 10 लाखांच्या मशिनची सीएमसी 5 टक्क्यांनी घेतली, तर वर्षाचे 50,000 झाले. त्यातच मशिनमधला एक सर्किट बोर्ड गेला, तर वर्षाची कमाई गेली. म्हणून बोर्ड बदलणाऱ्यापेक्षा बोर्डावरचा उडालेला कपॅसिटर शोधणाऱ्याला मालक जास्त देतो आणि सोडतही नाही.

एकदा जतहून रात्री फोन आला, ईसीजीची रेघ केसाळ येतेय, मशिन खराब आहे. तिथं जाऊन मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये 18 व्होल्ट! अर्थिंगची तार खड्ड्यापाशी तुटलेली. विजेच्या लाइनीतला तो 50 हर्ट्झचा त्रास मशिनचा नव्हताच. चांगला मल्टिमीटर पहिल्या पगारातून घ्या. मग सेफ्टी अॅनालायझर, म्हणजे मशिनमधून गळणारा करंट मोजायचं यंत्र, शिका. हृदयाशी थेट जोडणाऱ्या भागातून एरवी 10 मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त गळती चालत नाही, आणि ती मोजून सही करणाऱ्याला मागणी वाढतेय, कारण एनएबीएच हे दर्जाचं मानांकन घेणाऱ्या हॉस्पिटलांना कॅलिब्रेशनचे, म्हणजे मशिनचं रीडिंग बरोबर येतं हे तपासल्याचे, कागद दाखवावेच लागतात.

दोन-तीन वर्षांनी एक वाट धरा: डायलिसिस, अॅनेस्थेशिया, एक्स-रे, सोनोग्राफी. डीलरकडं माझे 14,000 झाले होते. सोनोग्राफीचं ट्रेनिंग मिळालं आणि 2013 साली थेट मशिनच्या कंपनीत 27,000 वर गेले. तेवढी उडी एका जागी बसून कधीच मिळाली नसती. सोनोग्राफीत जाणार असाल तर पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी पाहिल्याशिवाय मशिन दुरुस्तीला उचलू नका, डॉक्टर ओळखीचे असले तरी.

बाँडवर, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर, सही करण्याआधी तो दोनदा वाचा. ट्रेनिंगचा खर्च मागणं एक वेळ समजू शकते, पण मूळ प्रमाणपत्रं कुणालाही ठेवायला देऊ नका. एका डीलरनं माझी अडकवून ठेवली होती, त्यात चांगली नोकरी हातची गेली. पेट्रोल किलोमीटरवर की ठोक, रात्रीच्या कॉलचे पैसे मिळतात का, हेही आधीच बोलून घ्या.

आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा. मॉडेल, सिरियल नंबर, तक्रार काय होती, निघालं काय, दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं रीडिंग. कंपनीच्या मुलाखतीत माझी मार्कशीट त्यांनी बाजूला ठेवली आणि वीस मिनिटं ती वही चाळत एकेका नोंदीवर प्रश्न विचारले. पेशंटचं नाव मात्र वहीत कुठंही लिहू नका.