घरच्या व्यवसायाचा विमा कसा निवडावा: हिशेब भरलेल्या दिवसाचा करा

मार्च-एप्रिलमध्ये घरगुती मसाले करणाऱ्या बाईच्या घरी गेलात, तर पाय ठेवायला जागा नसते. हॉलमध्ये ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची पोती, गॅलरीत वाळत घातलेले धणे, पलंगाखाली खोबऱ्याच्या गोण्या. त्याच घरात जुलैत चार बरण्या आणि दोन पोती उरतात. एजंट जुलैत आला तर तो चार बरण्या बघून आकडा लिहितो, आणि आग लागते ती एप्रिलमध्ये. घरच्या व्यवसायाच्या विम्यात माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे.

शिवणकाम, डबे, केक, फराळ, शिकवणी, पार्लर असं काहीही तुम्ही घरातून करत असाल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. एजंटला फोन सगळ्यात शेवटी.

१. वही घेऊन घरभर फिरा

एका पानावर यंत्रं लिहा: कांडप यंत्र, सीलिंग मशीन, वजनकाटा, ओव्हन, फ्रीझर, शिलाई मशीन, लॅपटॉप. प्रत्येकासमोर तेच यंत्र आज नवीन घ्यायला किती लागतील तो आकडा लिहा. सात वर्षांपूर्वी काय दिलं होतं ते इथे कामाचं नाही.

दुसऱ्या पानावर माल: कच्चा माल, अर्धवट तयार, तयार, पिशव्या, डबे, लेबलं. माल धरताना तुम्हाला पडलेला खर्च धरा. दोनशे रुपयांना विकायचं पाकीट तुम्हाला १३० ला पडत असेल, तर १३० लिहा. मालाच्या विम्यात तुमचा न मिळालेला नफा सहसा मिळत नाही.

तिसरं पान बहुतेक जण विसरतात. घरात ठेवलेलं, पण तुमचं नसलेलं सामान. फॉल-पिकोसाठी आलेल्या साड्या, ब्लाउजला दिलेली कापडं, दळायला किंवा कांडायला आलेली लोकांची मिरची. लग्नसराईत एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे एकाच वेळी पाच-सहा पैठण्या असू शकतात, आणि त्यांची किंमत तिच्या सगळ्या मशिनांपेक्षा जास्त भरते. हे सामान विश्वासाने ठेवलेलं परक्याचं सामान म्हणून पॉलिसीत वेगळं नोंदवावं लागतं. नोंद नसेल तर ते विम्यात नाही असंच समजा.

आता वर्षातला सर्वांत भरलेला दिवस आठवा आणि मालाचा आकडा त्या दिवसाचा लिहा.

२. हाताशी असलेली घराची पॉलिसी वाचा

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक संस्था आयआरडीएआयने सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांसाठी घराची एक प्रमाण पॉलिसी ठरवून दिली आहे, भारत गृह रक्षा. पॉलिसी चांगली आहे. इमारतीचा विमा काढला की घरातल्या सर्वसाधारण सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. पण हे सामान म्हणजे घरगुती वापराचं: टीव्ही, कपाट, भांडी, कपडे. विकायला ठेवलेली वीस किलो चकली त्यात मोडत नाही.

घरातून काम करताय हे कंपनीला लेखी कळवा आणि 'घराचं संरक्षण तसंच राहील ना' याचं उत्तरही लेखी मागा. फोनवर मिळालेला होकार दाव्याच्या वेळी कुणालाच आठवत नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीने इमारतीचा विमा काढलाय का तेही सचिवांना विचारा. काढला असला तरी तो भिंती-छताचा, तुमच्या पोत्यांचा नाही. भाड्याच्या घरात असाल तर भिंती मालकाच्या. तुम्ही विमा काढायचा तो तुमच्या सामानाचा, यंत्रांचा आणि मालाचा.

गॅस कंपनीचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहणारेही खूप भेटतात. सरकारी तेल कंपन्यांच्या घरगुती जोडणीवर अपघाताचा विमा असतो हे खरं. मात्र मालमत्तेच्या नुकसानीसाठी तो जास्तीत जास्त २ लाखांचा, आणि तोही नोंदणीकृत पत्त्यावरचा. शिवाय १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरायला परवानगीच नाही. डबे किंवा फराळ नियमित विकत असाल तर १९ किलोची व्यावसायिक जोडणी घ्या. स्फोटानंतर कंपनीला हरकत घ्यायला आपणच निमित्त का द्यावं?

३. व्यवसायासाठी वेगळी पॉलिसी निवडा

घराच्या पॉलिसीसोबतच २०२१ मध्ये छोट्या उद्योगांसाठीही प्रमाण पॉलिसी आल्या. एका ठिकाणची विमायोग्य मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. घरचा व्यवसाय यातच बसतो. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं तिच्यात येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. नदीकाठच्या गावात तळमजल्यावर माल ठेवणाऱ्यांनी पुराचं कलम स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्यावं.

तिच्यात काय येत नाही, ते जास्त महत्त्वाचं आहे.

साधी घरफोडी येत नाही. आग किंवा पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत त्याच गोंधळात झालेली चोरी धरली जाते, एरवीची नाही. चोरीसाठी घरफोडीची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. तिथेही कुलूप तोडल्याची, कडी उचकटल्याची खूण लागते. उघड्या दारातून कुणी मिक्सर उचलून नेला तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत.

शॉर्टसर्किटचं समजून घ्या. ज्या यंत्रात शॉर्टसर्किट झालं ते यंत्र जळालं, तर त्याचे पैसे आगीच्या पॉलिसीतून मिळत नाहीत; तिथून आग पसरून शेजारचा माल जळाला तर त्याचे मिळतात. ओव्हन किंवा लॅपटॉपवरच सगळा धंदा उभा असेल, तर यंत्र बिघाडाचं किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं संरक्षण वेगळं जोडून घ्या. वीज गेल्याने फ्रीझरमधले मोदक खराब होणं हाही वेगळा विषय आहे. दमट हवेने मिरचीला बुरशी लागली तर भरपाई नाही; तो अपघात मानला जात नाही.

ही वेगवेगळी कलमं एकत्र हवी असतील तर कंपन्यांच्या दुकानदार पॅकेज पॉलिसी असतात. आग, घरफोडी, रोकड, उपकरणं, तिऱ्हाइताच्या नुकसानीची जबाबदारी यातले हवे ते भाग निवडता येतात. मात्र घरातून चालणाऱ्या व्यवसायाला ती मिळते का, हा प्रश्न पहिल्यांदा विचारा.

४. विमा रक्कम कमी लिहू नका

हप्ता वाचवायला रक्कम कमी लिहिली तर काय होतं, ते आकड्यांत पाहू. समजा एप्रिलमध्ये मसाल्यांच्या घरात ३ लाख ५० हजारांचा माल आहे. पॉलिसीत मालाची रक्कम १ लाख २० हजार, कारण ती जुलैत लिहिली. आगीत ७० हजारांचा माल गेला. नुकसान १ लाख २० हजारांपेक्षा कमी, म्हणून पूर्ण मिळेल असं वाटतं. मिळतात २४ हजार. कंपनी म्हणते, साडेतीन लाखांपैकी सव्वा लाखसुद्धा तुम्ही आमच्याकडे नोंदवले नाहीत, तेव्हा नुकसानही त्याच प्रमाणात देऊ: ७० हजार गुणिले १२ भागिले ३५.

सूक्ष्म उद्यम सुरक्षेत थोडी सवलत आहे. लिहिलेली रक्कम खऱ्या किमतीपेक्षा जितकी कमी, ती तूट १५ टक्क्यांच्या आत असेल तर कंपनी हे गणित लावत नाही. म्हणजे त्याच बाईने मालाचे ३ लाख लिहिले असते, तर तूट १४ टक्क्यांच्या आसपास आली असती आणि, पॉलिसीत लिहिलेला स्वतःचा वाटा, ज्याला एक्सेस म्हणतात, तो वजा करून बाकी सगळे पैसे मिळाले असते.

म्हणून हंगामातला भरलेला दिवस धरा. वर्षभर तेवढा हप्ता जड वाटत असेल, तर हंगामाआधी रक्कम वाढवून घेण्याची विनंती करता येते. ती वाढ पॉलिसीत लेखी जोडली गेली, तरच ती खरी.

५. दुसऱ्याचं नुकसान झालं तर

अन्न विकणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ६५ नुसार, अन्नामुळे ग्राहकाचा मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये, गंभीर इजा झाल्यास ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी १ लाखांपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. वाढदिवसाच्या एका केकने वीस मुलं आजारी पडली, तर आपल्या बचतीने ते पेलणार आहे का? त्यासाठी उत्पादन जबाबदारीचा, म्हणजे प्रॉडक्ट लायबिलिटीचा विमा असतो. मात्र सरकारी दंड कोणताही विमा भरत नाही, आणि अन्न विकायला लागणारी सरकारी नोंदणीच नसेल तर दावा अडकू शकतो.

शिकवणी, पार्लर, शिवणकाम यांना घरी येणाऱ्या माणसांची काळजी जास्त: ओल्या पायरीवरून कुणी घसरलं, केसांच्या रंगाने कुणाला भाजलं. पब्लिक लायबिलिटीचं कलम त्यासाठी आहे. पार्लरवाल्यांनी, दिलेल्या सेवेमुळे झालेली इजा त्यात येते का, हे मुद्दाम विचारावं.

मदतीला बायका येत असतील तर त्यांच्यासाठी कामगार भरपाईची पॉलिसी घ्या. कांडप यंत्रात बोटं जायला क्षण लागतो. त्याशिवाय त्यांच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करून द्या: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. ती कामगार भरपाईची जागा घेत नाही, पण ती सुरू करायला थांबायचंही कारण नाही.

६. स्कूटर

डबे पोचवायला घरची स्कूटर वापरत असाल तर वाहनाच्या पॉलिसीवरचा वापराच्या मर्यादांचा परिच्छेद काढून वाचा. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालाची वाहतूक सहसा वगळलेली असते. रोज चाळीस डबे नेताना अपघात झाला तर हा परिच्छेद आडवा येऊ शकतो. कंपनीला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

७. कर्ज असेल तर बँकेकडून पॉलिसीची प्रत आणा

मुद्रा किंवा दुसरं व्यवसाय कर्ज घेतलं असेल, तर बँकेने सहसा तारण मालाचा विमा काढलेला असतो आणि हप्ता तुमच्याच खात्यातून जातो. अनेकींनी तो कागद कधी पाहिलेलाच नसतो. प्रत मागून घ्या आणि पत्ता, मालाचं वर्णन, रक्कम व मुदत तपासा. पॉलिसीत 'कापड' लिहिलंय आणि घरात मसाला आहे, किंवा पत्ता जुन्या घराचा आहे, तर नुकसानीच्या दिवशी त्या कागदाचा उपयोग होणार नाही. घर बदललं की पॉलिसीवरचा पत्ताही त्याच आठवड्यात बदलून घ्या.

८. फॉर्म स्वतः भरा

प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्यासाठीचा अर्ज, एजंटने भरला आणि तुम्ही फक्त सही केली, असं होऊ देऊ नका. राहत्या घरात व्यवसाय, गॅस, तेलाचा साठा, तळमजला, लाकडी माळा, आधी झालेलं नुकसान, जे खरं आहे ते सगळं लिहा. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळीच बाहेर येते. किमान दोन कंपन्यांकडून भाव घ्या आणि हप्त्यासोबत एक्सेसचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा. हप्ता कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीत तसं स्पष्ट म्हटलंय. एजंटच्या हातात रोख न देता कंपनीच्या खात्यात भरा आणि पावती घ्या.

९. कागद घराबाहेर ठेवा

आगीत पोत्यांसोबत बिलंही जळतात. मिरची घेताना पक्कं बिल मागा, त्याचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा आणि बहिणीलाही पाठवून ठेवा. दर महिन्याला मालाचा आणि यंत्रांचा मोबाइलवर एक व्हिडिओ घ्या, यंत्रांचे क्रमांक दिसतील असा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. आपला व्यवसाय खरोखर आहे, कधीपासून आहे, हे दाखवायला ती उपयोगी पडते.

नुकसान झालंच तर आधी माणसं बाहेर, मग अग्निशमन दलाला फोन, मग त्याच दिवशी कंपनीला कळवा. चोरी असेल तर एफआयआर. वाचलेला माल बाजूला काढून झाका, पण जळालेला किंवा भिजलेला माल सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येऊन बघेपर्यंत फेकू नका. शेजारी म्हणतील वास येतोय, टाकून द्या. फोटो काढून कंपनीची लेखी परवानगी मिळाल्यावरच टाका.

दावा नाकारला किंवा कापून दिला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. वैयक्तिक पॉलिसींसोबत एकट्याच्या मालकीचा व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांच्या तक्रारीही तिथे घेतल्या जातात, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईसाठी, तेही विनाशुल्क. आपल्याकडे मुंबई, ठाणे आणि पुणे इथे ही कार्यालयं आहेत. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. आयआरडीएआयच्या तक्रारींसाठी फोन क्रमांक १५५२५५ आहे. तो पॉलिसी क्रमांकासोबत फ्रिजवर चिकटवून ठेवा, आणि एक चिठ्ठी शेजारणीकडेही द्या.