उन्हाळ्यात तीन-चार पुस्तके एकदम कशी वाचावीत

मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा मिळून सुमारे 45 दिवस होतात. मराठी गद्याच्या एका पानाला साधारण दोन मिनिटे धरली, तर रोज तासभर वाचणाऱ्याची या काळात 1350 पाने, म्हणजे 300 पानांची चार पुस्तके सहज होतात. ती एकामागून एक वाचली किंवा एकदम हाती घेतली, तरी तासाला पाने तेवढीच होणार. पुस्तके एकदम वाचण्याचा खरा लाभ असा, की लोकलच्या गर्दीत जे पुस्तक हातात धरवत नाही ते रात्री घरी वाचता येते, दुपारच्या उकाड्यात एका पुस्तकात मन लागेनासे झाले तर दुसरे हाताशी असते, आणि त्यामुळे एरवी वाया जाणारा वेळही वाचनाकडे वळतो. म्हणून पुस्तके निवडण्याआधी आपला दिवस कसा जातो ते नीट पाहावे आणि त्यातील प्रत्येक जागेसाठी एकच पुस्तक ठरवावे.

लोकलसाठी पातळ, एका हाताने पान उलटता येईल असे पुस्तक घ्यावे. उभ्याने प्रवास करताना दुसरा हात कडीला असतो, आणि दर स्थानकाला लक्ष विचलित होते. अशा वेळी दीर्घ कादंबरीचा धागा टिकत नाही. धीम्या गाडीने अंधेरीहून दादरला पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात दहा-बारा पानांची एक कथा पूर्ण होते. कथासंग्रह, कविता आणि ललित लेख यांची हीच खरी जागा आहे. मागच्या वर्षीचे दिवाळी अंकही येथे फार उपयोगी पडतात. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही परंपरा आपण दिवाळीपुरतीच मानतो, पण अंकातला मजकूर मे महिन्यात शिळा झालेला नसतो आणि तोपर्यंत वाचनालयात त्यासाठी रांगही उरलेली नसते.

रात्रीच्या वेळेसाठी मुख्य पुस्तक ठेवावे. बहुधा ती कादंबरी किंवा मोठे आत्मचरित्र असेल. येथे माझा एक आग्रह आहे: दोन कादंबऱ्या एकदम घेऊ नयेत. दोन्हींतली घरे, नाती आणि नावे एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही लेखकांवर अन्याय होतो. मुख्य पुस्तकाने पकड घेतली आणि शेवटची शंभर पाने उरली, तर बाकीची पुस्तके दोन-तीन दिवस खुशाल बाजूला ठेवावीत. वेळापत्रकासाठी असे वाचन तोडणे मला योग्य वाटत नाही.

तिसरे पुस्तक संथ गतीचे असावे. ही सवय आपल्याकडे जुनीच आहे. सकाळी पोथीतल्या ठरावीक ओव्या वाचून दुपारी कादंबरी घेऊन बसणाऱ्या आज्या अनेकांच्या घरी होत्या. दासबोधात 20 दशक आणि प्रत्येकात 10 समास आहेत. रोज एक समास वाचला तर ग्रंथाला 200 दिवस लागतात. तो उन्हाळ्यात संपणार नाही हे आधीच मान्य केले, की घाई उरत नाही. ज्याला धार्मिक ग्रंथ नको असेल, त्याने पत्रसंग्रह, रोजनिशी किंवा निबंधांचे पुस्तक घ्यावे, आणि सकाळच्या चहाबरोबर चार-पाच पानांवर थांबावे.

चौथे पुस्तक घ्यायचेच असेल, तर ते मुख्य पुस्तकाचे सोबती असावे. एकदम वाचण्यातला सर्वांत मोठा आनंद मला या जोडीत दिसतो. समजा, रात्री गिरणगावावरची कादंबरी चालू आहे. तिच्या जोडीला 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाविषयीचे एखादे माहितीपर पुस्तक सुट्टीच्या दुपारी वाचावे. कादंबरीतल्या घरात पगार का थांबला, गावाकडून धान्य का मागवले गेले, मुलांची शाळा का सुटली, याची कारणे दुसऱ्या पुस्तकात सापडतात. आणि दुसऱ्या पुस्तकातील आकड्यांना कादंबरीमुळे माणसांचे चेहरे मिळतात. मग एखाद्या रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, लालबाग-परळमधून चालत जावे. गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे आणि त्यांच्या शेजारच्या चाळी पाहिल्यावर दोन्ही पुस्तके अधिक समजतात. माहितीपर पुस्तकाचे एकेक प्रकरण स्वतंत्रपणे वाचता येते, म्हणून ते मागे पडले तरी बिघडत नाही.

प्रत्येक पुस्तकात पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी ठेवावी. तीच खूण म्हणूनही चालते आणि वाचनालयाच्या पुस्तकाची पाने दुमडावी लागत नाहीत. थांबताना तिच्यावर एकच वाक्य लिहावे: कोण कुठे पोहोचले, कोणता प्रश्न उरला. नवीन पात्रांची नावे मागच्या बाजूस टिपावीत. शक्यतो प्रकरणाच्या किंवा प्रसंगाच्या शेवटी थांबावे, आणि चार दिवसांनी परतल्यावर चिठ्ठी वाचून, आधीची दोन पाने पुन्हा चाळून मगच पुढे जावे.

पुस्तके कोठून आणायची, याचाही क्रमाशी संबंध आहे. बहुतेक वाचनालये एका वर्गणीवर एक-दोनच पुस्तके देतात आणि ती ठरलेल्या मुदतीत परत करावी लागतात. त्यामुळे 1898 साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून किंवा घराजवळच्या वाचनालयातून आणलेले पुस्तक मुख्य धरावे. संथ वाचनाचे पुस्तक मात्र स्वतःचे असावे, कारण त्याला मुदत लावून चालत नाही. फोर्टमध्ये फाउंटनजवळच्या पदपथावरून घेतलेली जुनी, स्वस्त पुस्तके लोकलच्या पिशवीसाठी उत्तम, कारण घाम, धूळ आणि गर्दी यांची त्यांना फारशी तमा नसते.

जे पुस्तक दोन आठवड्यांत एकदाही उघडले गेले नाही, ते फळीवर परत ठेवावे किंवा वाचनालयात देऊन टाकावे आणि त्याच्या जागी लगेच दुसरे आणू नये. उरलेल्या तिघांपैकी एक संपेपर्यंत ती जागा रिकामीच राहू द्यावी.