समुद्रावर निघण्याआधी तिथी बघा

बीडहून रात्रभर गाडी हाणून अलिबाग गाठलं. बारमाही कोरड्या नद्यांची सवय असलेले आम्ही, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याकडं निघालो, तर वाटेवर कमरेएवढं पाणी! भरती होती. तिथल्या एका कोळीदादांनी हिशोब सांगितला, तो आता निघायच्या आदल्या रात्रीच करतो.

१. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं.
२. तिथीची पाऊणपट करा. ती भरतीची वेळ, दिवसा आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनला भरती.
३. त्यात सहा तास मिळवा. नऊला ओहोटी.

किल्ल्यावर चालत जायचं तर ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरायच्या आत परता. पोरं शंख-शिंपल्यांत रमतात, तिथंच उशीर होतो.

हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. अष्टमीच्या आसपास तर पाणी पुरतं ओसरतच नाही. म्हणून वाळूत पाय टाकण्याआधी तिथल्या माणसाला विचाराच. आणि गाडी डांबरावरच ठेवा. ओल्या वाळूत रुतलेलं चाक ट्रॅक्टरशिवाय निघत नाही.