स्वस्त विमानाचं तिकीट काढलंय? मग ही तयारी घरूनच करून निघा

तिकीट स्वस्तात मिळालं की एक दिवस भारी वाटतं, मग मेल यायला लागतात, सीट निवडा, बॅग ॲड करा, जेवण ॲड करा, आधी चढायचं असेल तर त्याचेही भरा, आणि हळूहळू कळतं की आपण पैसे फक्त इकडून तिकडे नेण्याचे दिलेत, बसण्या-खाण्या-झोपण्याचं ज्याचं त्याने बघायचंय. ही फसवणूक आहे असं मला वाटत नाही, सगळं लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात का होईना. खरी गोम वेगळीच आहे. एकच गोष्ट तुम्ही विमानाच्या जितकं जवळ जाऊन विकत घ्याल तितकी ती महाग पडते. म्हणजे बुकिंग करताना बॅगेचा एक रेट, नंतर वेबसाईटवर जाऊन वाढवली तर जास्त, काउंटरवर अजून जास्त आणि गेटवर तर विचारूच नका. म्हणून या प्रवासाच्या तयारीत बॅग भरणं हे शेवटचं काम, त्याआधी घरी निवांत बसून ठरवायचं की काय विकत घ्यायचं, काय सोबत न्यायचं आणि कशावाचून चालवून घ्यायचं.

पहिलं काम तर पैसे भरायच्याही आधीचं. स्वस्त तिकिटाच्या रेटमध्ये तुम्हाला खरंच लागणाऱ्या बॅगेचे आणि सीटचे पैसे धरा आणि मग शेजारच्या महागड्या एअरलाईनशी तुलना करा, बरेचदा फरक इतका कमी उरतो की त्यात उपाशी बसण्यात अर्थ नसतो. विमानतळ कुठला आहे तेही तेव्हाच बघा. फ्रँकफर्ट-हान नावाचा विमानतळ फ्रँकफर्टपासून साधारण १२० किलोमीटर लांब आहे, आणि पॅरिसच्या नावाने तिकीट विकलं जातं तो बोव्हे पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या वर. रात्री अकराला उतरणार असाल तर तिथून बस आहे का, किती वाजेपर्यंत आहे, हे आधीच बघून ठेवा. आणि दोन वेगवेगळी तिकिटं जोडून जाणार असाल तर मधे भरपूर वेळ ठेवा, कारण यातल्या बऱ्याच कंपन्या तुमची बॅग पुढच्या विमानात टाकत नाहीत, ती आपणच घ्यायची, परत चेक-इन करायची, आणि पहिलं विमान लेट झालं म्हणून दुसरं चुकलं तर भुर्दंड आपलाच.

आता बॅग, सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. 'केबिन बॅग फ्री' हे जुन्या सवयीने गृहीत धरू नका. अमेरिकेत स्पिरिट एअरलाइन्सने २०१० मध्ये वरच्या कप्प्यात ठेवायच्या बॅगेचेच पैसे घ्यायला सुरुवात केली, युरोपातल्या रायनएअरने नोव्हेंबर २०१८ पासून साध्या तिकिटावर फक्त सीटखाली मावेल एवढी छोटी बॅग ठेवली, आणि अमेरिकेतल्याच ज्या साउथवेस्टची ओळखच फ्री चेक-इन बॅग ही होती त्यांनीही मे २०२५ पासूनच्या बुकिंगला ती बंद केली. (स्पेनच्या सरकारने २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरो दंड ठोकला, त्यातलं एक कारण हेच केबिन बॅगेचे पैसे, पण कंपन्या कोर्टात गेल्यात, त्यामुळे त्या आशेवर मोठी बॅग घेऊन निघू नका.) मापं प्रत्येकाची वेगळी. रायनएअर आणि विझ एअरचं ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर, इझीजेटचं ४५ बाय ३६ बाय २०, आशियातल्या बऱ्याच कंपन्या मापापेक्षा वजन जास्त बघतात आणि ७ किलोवर अडून बसतात. म्हणून मोजपट्टी आणि वजनकाटा दोन्ही काढा आणि बॅग मोजा ती भरलेली, चाकं आणि हँडल धरून, रिकाम्या बॅगेच्या मापाला काही अर्थ नाही.

गेटजवळ ती लोखंडी चौकट ठेवलेली असते ना, तिथे पाच मिनिटं उभं राहून बघा. बॅगेचं पोट आरामात आत जातं, अडकतो तो पुढचा कप्पा, ज्यात निघता निघता चार्जर, पुस्तक आणि चष्म्याची केस कोंबलेली असते. मग माणूस गुडघा लावून दाबतो, बॅग अर्धी खाली जाते, चाकं तिरकी होऊन काठावर बसतात, आणि स्टाफ कार्ड मशीन हातात घेऊन शांतपणे उभा असतो. त्यामुळे माझं स्पष्ट मत, चाकाची कडक बॅग नकोच, मऊ कापडाची सॅक घ्या आणि पुढचा कप्पा पूर्ण रिकामा ठेवा. जड वस्तू जॅकेटच्या खिशात जातात, अंगावरचं जॅकेट सहसा कोणी वजनात धरत नाही. आणि सॅकमध्ये अगदी वरच एक छोटी पिशवी ठेवा, पॉवर बँक, औषधं, पासपोर्ट, किल्ल्या, चष्मा असं सगळं तिच्यात. कारण वर जागा संपली म्हणून गेटवरच बॅग खाली सामानात टाकायला घेतात तेव्हा ती पिशवी एका झटक्यात बाहेर काढता आली पाहिजे. पॉवर बँक तर खालच्या सामानात चालतच नाही, ती केबिनमध्येच न्यायची, तीही १०० वॅट-अवरपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएच, आणि तिच्यावर छापलेला आकडा वाचता आला पाहिजे.

सीटबद्दल आधी हे समजून घ्या की वेबसाईटवर 'पिच' लिहिलेली असते ती म्हणजे तुमची लेगरूम नव्हे. आपल्या सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं ते अंतर, त्यात सीटच्या पाठीची जाडीपण आली. स्पिरिट आणि विझसारख्यांकडे ही पिच २८ इंचांच्या आसपास, रायनएअरकडे ३०. अमेरिकेच्या संसदेने २०१८ मध्ये तिथल्या विमान नियामकाला, म्हणजे एफएएला, सीटचं किमान माप ठरवून द्या असं कायद्यानेच सांगितलं, २०२२ मध्ये लोकांची मतं मागवली तेव्हा २६ हजारांच्या वर मतं आली, पण माप काही ठरलं नाही. जागा कमी करून गुडघे शाबूत ठेवायला सीटची गादीच पातळ केलीय, पाठ मागे जात नाही, म्हणजे बिघडणारी यंत्रणाही नाही आणि वजनही कमी. पुढे बघाल तर खिसा नाही, सेफ्टी कार्ड सीटच्या पाठीवरच चिकटवलेलं. काही विमानांत खिसा असतो पण वर, डोळ्यांसमोर, म्हणजे खाली गुडघ्याला इंचभर जागा मिळते, तेवढं मात्र डोकं चालवलंय.

मग तयारी काय करायची, तर दीड-दोन तासांचा प्रवास असेल आणि तुम्ही ठेंगणे-ठुसके असाल तर सीटवर पैसे घालू नका, कंपनी देईल ती घ्या, मधली आली तर आली. चार तासांच्या वर असेल किंवा उंची जास्त असेल तर मात्र बुकिंग करतानाच आइल सीट, म्हणजे मधल्या वाटेकडची, घेऊन टाका, अधूनमधून उठता येतं. इमर्जन्सी दरवाजाजवळच्या सीटला जागा छान असते पण उडताना आणि उतरताना पायाशी बॅग ठेवता येत नाही. शेवटची रांग टॉयलेटला लागून असते, तिथे कोणी ना कोणी कायम तुमच्या खांद्याला टेकून उभं. पाठीचा त्रास असेल तर फुगवायची छोटी उशी न्या, हवा काढली की रुमालाएवढी होते. लांबच्या प्रवासात पोटऱ्या हलवत राहा, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका चार तासांच्या वर बसून राहिलं की वाढतो, आणि आधी असा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा. लहान मूल सोबत असेल तर सीट एकत्र मिळणार का ते आधी विचारा, भारतात विमान नियामक डीजीसीएने २०२४ मध्ये १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी बसवायला सांगितलंय, पण हा नियम सगळ्या देशांत नाही.

पांघरूण मिळणार नाही असंच धरून चाला. अमेरिकेच्या जेटब्लूने २००८ मध्ये उशी आणि ब्लँकेटचे ७ डॉलर लावले तेव्हा त्याची केवढी बातमी झाली होती, आता मिळत नाही म्हणून कोणी ब्रही काढत नाही. एक मोठी शाल किंवा टोपीवालं जॅकेट, आणि पायमोजे, एवढं पुरतं. पाण्याचं म्हणाल तर रिकामी बाटली सिक्युरिटीतून नेता येते, आत गेल्यावर भरून घ्या, आणि ही गोष्ट विसरू नका कारण केबिनची हवा फार कोरडी असते, घसा सुकतो. यूएस एअरवेजने २००८ मध्ये पाण्याचेही २ डॉलर घेऊन बघितले होते, काही महिन्यांतच, मार्च २००९ मध्ये, माघार घ्यावी लागली, पण आज बऱ्याच स्वस्त कंपन्या पाणी विकतच देतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. खाणं कोरडं न्या, वास न येणारं, चुरा न सांडणारं, आणि चटणी-लोणची-दही असले पातळ प्रकार १०० मिलीच्या नियमात अडकतात ते घरीच ठेवा.

स्क्रीन नाही, बरेचदा चार्जिंग पॉइंट नाही, मासिकपण नाही. मासिक काढण्यामागे वजन आहे, आणि हे वेड फक्त स्वस्तवाल्यांचं नाही, अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने २०१८ मध्ये आपलं मासिक हलक्या कागदावर छापायला घेतलं, एका प्रतीमागे २८ ग्रॅम वाचले आणि त्यातून वर्षाला १,७०,००० गॅलन इंधन वाचणार असा त्यांचा हिशोब होता. आता २८ ग्रॅमचा हिशोब करणारे लोक तुमच्या सीटमागे टीव्ही कशाला लावतील? तेव्हा जे बघायचं-वाचायचं ते घरच्या वायफायवर डाउनलोड करा आणि फोन पूर्ण चार्ज करूनच निघा. हे करमणुकीपुरतं नाहीये. रायनएअरने नोव्हेंबर २०२५ पासून कागदी बोर्डिंग पास बंद करून ॲपमध्येच ठेवलाय. वेब चेक-इन सुरू झाल्या झाल्या करून टाका, ते एअरपोर्टवर करायला गेलात तर काही कंपन्या तिकिटाइतके पैसे घेतात.

टॉयलेटचं थोडक्यात. रायनएअरचा प्रमुख मायकल ओलिअरी याने २००९ मध्ये टॉयलेटला नाणं टाकायची कल्पना मांडली होती, ती काही प्रत्यक्षात आली नाही, प्रसिद्धी मात्र फुकटात मिळाली. पण दीड-पावणेदोनशे माणसांत टॉयलेट बहुतेक वेळा तीनच, आणि मागची अशी आक्रसून बसवलेली की आत वळायचं म्हणजे कसरत, म्हणून चढायच्या आधीच जाऊन या. ओले टिश्यू सोबत ठेवा. विमान जमिनीवर उभं राहिलं तर कमावत नाही, त्यामुळे २५ मिनिटांत उतरवा, चढवा आणि उडा असं चालतं, तेवढ्या वेळात केबिन क्रूच घाईघाईत कचरा गोळा करतात, तुमच्या ट्रेवरचा चहाचा डाग पुसायला त्यांना वेळ कुठून मिळणार. त्यांच्यावर चिडू नका, सीटचा खिसा त्यांनी काढलेला नाही.

घरचे मोठे सोबत असतील तर अजून एक. विमान लांब उभं करतात, बसने न्यायचं आणि शिडीने चढायचं, पावसात भिजत किंवा उन्हात उभं राहत. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअरची मदत आधी सांगून ठेवा, युरोपात ती फुकट असते आणि ४८ तास आधी कळवायची असते. तिथे संकोच करून उपयोग नाही.

आणि सीट पातळ झाली म्हणून विमान असुरक्षित झालं अशी भीती कोणी घातली तर दुर्लक्ष करा. प्रवासी ९० सेकंदांत बाहेर काढता आले पाहिजेत, साधारण ५० सीटमागे एक क्रू हवा, या गोष्टींना कात्री लागत नाही. रायनएअरने ७३७ मॅक्समध्ये १९७ सीट बसवून घेतल्या तर बोइंगला त्या विमानाला दरवाज्यांची एक जोडी वाढवून द्यावी लागली.

शेवटचं काम उतरल्यावरचं. तिकीट कितीही स्वस्त असलं तरी युरोपातून निघणारं विमान तीन तास किंवा जास्त लेट पोचलं आणि चूक कंपनीची असेल तर २५० ते ६०० युरो भरपाई मिळते, ती अंतरावर ठरते, तुम्ही तिकिटाला किती दिले याच्याशी तिचा संबंध नाही. बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट, पोचल्यावर विमानाचा दरवाजा किती वाजता उघडला ती वेळ आणि मधल्या खाण्याची बिलं जपून ठेवा, आणि अर्ज कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरूनच करा, मधले एजंट त्यातला चांगला मोठा हिस्सा कापून घेतात.