करवंटीच्या चिनी सारंगीवर साथ कशी धरावी

एरहू ही दोन तारांची चिनी सारंगी शिकायची इच्छा असेल, तर आधी तिची करवंटीची बहीण ऐका. तैवानच्या यिलान भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गझाइशी हे गाण्याचं लोकनाट्य रुजलं. त्यात मुख्य साथ या करवंटीच्या सारंगीची. एरहूच्या लाकडी पेटीला अजगराचं कातडं लागतं, ते वाद्य विक्रीसाठी चीनबाहेर न्यायला परवाना लागतो. हिला नारळाची करवंटी आणि तोंडावर पातळ फळी.

मी सिंधुदुर्गात दशावताराला पायपेटी वाजवतो, आणि पेटीवाल्यांनी हे वाद्य हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. देवळाच्या उत्सवात उघड्यावर गझाइशी होते, तेव्हा बहुधा लिहिलेलं नाटक नसतंच. जाणता माणूस आधी कथा सांगतो, पुढचं सगळं पात्रांनी रंगमंचावर उभं करायचं. आपली जत्रेतली रात्र याहून वेगळी नाही.

सुरात लावायला पेटीच घ्या. आतली तार पांढरी दोन, बाहेरची पांढरी सहा, एरहूचं हेच माप. गाणाऱ्याची पट्टी खाली असेल तर दोन्ही उतरवा, पण सा-पचं अंतर मोडू नका. वाद्य डाव्या मांडीवर उभं ठेवा. गजाचे केस दोन तारांच्या मधून जातात, गज बाहेर काढता येत नाही. बाहेरची तार वाजवताना गज पुढे ढकला. आतली वाजवताना उजव्या हाताच्या बोटांनी केस आपल्याकडे ओढा. बोटांखाली लाकडी पट्टी नाही, तार हवेतच दाबायची. जोर जास्त झाला की सूर चढतो. पेटीत न मिळणारी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, इथे पहिल्या दिवसापासून मिळते, आणि म्हणूनच सुरुवातीला ती वापरायची नाही. सरळ सूर लांबवर धरता येईपर्यंत थांबा.

खरं काम पुढे आहे. गझाइशीत सात अक्षरांच्या चार ओळींची एक चाल फार गातात. ज्या भाषेत ती गातात त्यात शब्दाच्या सुराचा चढउतार बदलला की अर्थ बदलतो, म्हणून तीच चाल गाणारी प्रत्येक ओळीला थोडी वळवते. साथीदाराला पाठ केलेली सुरावट उपयोगी पडत नाही. विलापाच्या चालींत तर श्वास कुठे तुटेल तेही ठरलेलं नसतं.

तर असं करा. कुणाला तरी ओळखीचं नाट्यपद गायला बसवा. पहिल्या फेरीत फक्त ओळीच्या शेवटच्या अक्षराचा सूर धरा. मग दोन ओळींमधली जागा भरा. त्यानंतरच गाण्याबरोबर चला, तेही जरासं मागून, स्वतःच्या हरकतींसकट. गाणाऱ्याच्या ओठांकडे बघा, तारेकडे नको. तान आली की गज हलका करा. शब्द झाकले गेले तर साथ फुकट. मृदंग चढला तरी आवाज वाढवू नका, करवंटीचा आवाज बारीक असतो आणि त्यातून ओरखडेच निघतात.

राळ केसांना थोडी थोडी लावा आणि फळीवर पडलेली पूड लगेच पुसा. मृगापासून दसऱ्यापर्यंत वाद्य भिंतीला टांगू नका. दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात, केस सैल पडतात. वाजवून झालं की तारा थोड्या उतरवा आणि वाद्य झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.