रात्रीचं रॉकेट लॉन्च बघायला निघालात? मग या चुका टाळा

रात्रीच्या लॉन्चला सगळ्यात जास्त लोक तारखेत फसतात. ऐकायला वेडेपणा वाटेल पण उदाहरण बघा, २३ ऑक्टोबर २०२२ ला इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून वनवेब कंपनीचे ३६ सॅटेलाइट नेले, वेळ होती रात्री १२ वाजून ७ मिनिटं. आता २३ तारीख डोक्यात ठेवून २३ च्या रात्री आरामात जेवून निघालेला माणूस थोडाथोडका नाही, जवळजवळ चोवीस तास लेट. जायचं होतं २२ च्या रात्री. त्यात परदेशी साइटवर वेळ बऱ्याचदा यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असते, तिथे हेच लॉन्च २२ तारखेला १८:३७ असं दिसेल, म्हणजे गोंधळ डबल. त्यामुळे कॅलेंडरमध्ये नुसती तारीख टाकू नका, "शनिवारी रात्री निघायचं" असं सरळ लिहून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे दिलेली वेळ फायनल धरणे. चांद्रयान-२ चं पहिलं लॉन्च १५ जुलै २०१९ ला पहाटे २:५१ ला होतं, लोक रात्रभर जागून बसलेले, आणि जेमतेम ५६ मिनिटं उरलेली असताना काउंटडाउन थांबलं ते थांबलंच, शेवटी रॉकेट उडालं २२ जुलैला आणि तेही भर दुपारी. उलट ३० डिसेंबर २०२४ च्या इस्रोच्या स्पेडेक्स मिशनला (दोन सॅटेलाइट अवकाशात जोडून बघायचं मिशन) फक्त दोन मिनिटांचा फरक पडला, ९:५८ चं लॉन्च १० वर गेलं, कारण त्याच कक्षेच्या आसपास दुसरे सॅटेलाइट येत होते. म्हणजे दोन मिनिटंही सरकतं आणि आठवडाही सरकतो. निघायच्या आधी विंडो, म्हणजे रॉकेट ज्या वेळेत उडू शकतं ती मुदत, किती मोठी आहे ते बघा. स्पेस स्टेशनला जाणाऱ्या रॉकेटची विंडो बहुतेक वेळा एका क्षणाची असते, तो क्षण हुकला की त्या दिवसाचं संपलं, आणि दुसऱ्या दिवशीची वेळ साधारण वीस-पंचवीस मिनिटं अलीकडे येते, "उद्या याच वेळेला येऊ" म्हणणारे नेमके तिथे गंडतात. विंडो दोन-चार तासांची असेल तर मात्र काउंटडाउन होल्डवर गेलं म्हणून लगेच सामान आवरू नका.

हवामानाच्या टक्क्यांबद्दल तर बोलायलाच नको. "९० टक्के गो" वाचून लोक खुश होतात, पण तो आकडा लॉन्चचे हवामानाचे नियम पाळले जातील का याचा असतो, तुम्हाला दिसेल का याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ५ मे २०१८ ला नासाचं मंगळावर जाणारं इनसाइट यान कॅलिफोर्नियातल्या वँडेनबर्गहून पहाटे ४:०५ ला दाट धुक्यात उडालं. रॉकेटला धुक्याने काहीही फरक पडला नाही, जवळ उभ्या असलेल्या लोकांना फक्त गडगडाट ऐकू आला. तेव्हा टक्के बाजूला ठेवा आणि ढग किती उंचीवर आहेत ते बघा. खालचा जाड थर असेल तर रॉकेट काही सेकंदात गायब, वरचे पातळ ढग असतील तर मात्र आतून पेटल्यासारखे दिसतात आणि माझ्या मते ते मोकळ्या आकाशापेक्षाही भारी दिसतं.

जागा. इथे लोक फक्त अंतर बघतात आणि दिशा विसरतात. लॉन्चपॅड तुमच्यापासून कुठल्या दिशेला आहे आणि तिथून रॉकेट कुठे वळणार, हे दोन्ही नकाशावर आधी बघून घ्या, तेही दिवसाउजेडी, कारण अंधारात पोचलात की समोर झाडांची रांग आहे का मोकळं पाणी आहे ते कळतच नाही आणि कळतं तेव्हा पार्किंग फुल झालेलं असतं. लांबून बघणाऱ्यांसाठी अजून एक, १०० किलोमीटरवर सपाट जागी उभे असाल तर पृथ्वीच्या गोलाईमुळेच रॉकेटचे पहिले साधारण ७०० मीटर क्षितिजाखाली राहतात, झाडं-बिल्डिंगा वेगळ्या. म्हणजे काउंटडाउन शून्य झालं, काहीच दिसलं नाही, "फेल झालं वाटतं" म्हणून मान फिरवली आणि पंधरा-वीस सेकंदांनी मागे उजेड वर आला, असं होतं. थांबा जरा.

त्यातच भर म्हणजे मोबाइलवरचं लाइव्ह. ते खऱ्या वेळेपेक्षा मागे असतं, कधी दहा सेकंद कधी तीस, आणि हजारो लोक एकाच टॉवरवर आले की अडकून पडतं ते वेगळंच. स्क्रीनवर काउंटडाउन १५ वर असताना आख्खं आकाश नारिंगी होतं आणि बघणारा अजून स्क्रीनमध्येच. शेवटची दोन मिनिटं फोन खिशात ठेवा, घड्याळ आधीच सेकंदाला मिळवून ठेवा.

उडाल्यावर काय बघायचं हे माहीत नसलं की लोक पहिल्या मिनिटातच टाळ्या वाजवून वळतात, आणि खरी मजा तर पुढे असते. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या एक्सएल प्रकारात बाजूला लावलेल्या सहा बूस्टरपैकी चार जमिनीवर पेटतात, उरलेले दोन साधारण २५ सेकंदांनी हवेत, नीट बघितलं तर ज्योत एकदम जाड झालेली कळते. सत्तराव्या सेकंदाच्या आसपास जमिनीवर पेटलेले चार बूस्टर सुटतात, ११० च्या आसपास पहिला टप्पा, तेव्हा ठिपका विझल्यासारखा होतो आणि परत पेटतो. रशियाच्या सोयुझ रॉकेटचे चार बूस्टर दोन मिनिटांच्या सुमारास एकदम बाजूला होतात आणि आकाशात क्रॉससारखा आकार दिसतो, त्याला कोरोलेव्ह क्रॉस म्हणतात. म्हणून त्या रॉकेटची टाइमलाइन आधी वाचा, चार आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा, बस. आणि तोवर टॉर्च, फोनचा ब्राइटनेस वगैरे कमी ठेवा, अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि शेवटचा बारीक ठिपका सरावलेल्या डोळ्यालाच दिसतो. लॉन्च सूर्यास्तानंतर तासाभराच्या आत किंवा सूर्योदयाच्या आधीच्या तासात असेल तर अजिबात जागा सोडू नका, कारण खाली अंधार आणि वर रॉकेटचा धूर उन्हात, असा भलामोठा जेलीफिशसारखा आकार पसरतो. २२ डिसेंबर २०१७ ला लॉस एंजेलिसच्या लोकांना स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा असाच धूर दिसला आणि कित्येकांना ती उडती तबकडी वाटली!

आवाज आला नाही म्हणून घाबरू नका. आवाजाला एक किलोमीटरला साधारण तीन सेकंद लागतात, दहा किलोमीटरवर असाल तर अर्धा मिनिट सगळं मुक्याने चालू असतं, समोरच्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडलाय, सावल्या सरकताहेत आणि आवाज शून्य. मग आधी छातीत धडधड आणि त्यावर तडतड. व्हिडिओ काढणारे बरेच जण आवाज यायच्या आधीच रेकॉर्डिंग बंद करतात.

फोटोचं थोडक्यात. मोबाइलचा नाइट मोड आणि फ्लॅश बंद, ब्राइटनेस खाली ओढून लॉक करा, नाहीतर नुसता पांढरा गोळा येतो. कॅमेऱ्यावर लांब रेघ हवी असेल तर ट्रायपॉड, आयएसओ १००, अॅपर्चर एफ/११ ते एफ/१६, शटर दोन-तीन मिनिटं उघडं. फोकस मॅन्युअल, एखाद्या ताऱ्यावर नाहीतर लांबच्या दिव्यावर जुळवा, लेन्सवरच्या इन्फिनिटीच्या खुणेवर जाऊ नका. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर तीन मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा अजून तीन मिनिटं नुसता बसून राहतो. दमट हवेत काचेवर दव धरतं, उडायच्या पाच मिनिटं आधी एकदा पुसा आणि पुसताना फोकस रिंगला हात लावू नका. ड्रोन तर आणूच नका, लॉन्चच्या वेळी हवाई हद्द बंद असते.

आणि रॉकेट दिसेनासं झालं की गाडीकडे पळायची घाई नको. फाल्कन ९ असेल आणि त्याचा बूस्टर (इथे म्हणजे खालचा पहिला टप्पा) जमिनीवर परत येणार असेल तर साधारण आठ मिनिटांनी तो ज्योत पेटवत खाली येतो आणि मग धडाधड सॉनिक बूम, म्हणजे आवाजापेक्षा जास्त वेगाने येणाऱ्या वस्तूचा स्फोटासारखा आवाज, तेव्हा अर्धे लोक गाडीत काचा वर करून बसलेले असतात. बूस्टर समुद्रातल्या जहाजावर उतरणार असेल तर यातलं काही दिसणार नाही, ते आधी चेक करा. रस्ता तसाही बराच वेळ हलत नाही, तेव्हा बसा निवांत, आणि हेडलाइट लगेच लावू नका, मागे कोणाच्या तरी कॅमेऱ्याचं शटर अजून उघडं असतं.